चांगला फो कुठे मिळतो? आधी भाडं विचारा

थंडी पडली की आपल्या वॉशिंग्टन परिसरातल्या मराठी मंडळींत एक प्रश्न हमखास निघतो. "नॉर्दर्न व्हर्जिनियात चांगलं व्हिएतनामी कुठे खायचं?" मग हॉटेलांची नावं पडतात, वाद होतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा तोच प्रश्न. यंदा मी जरा लांबलचक उत्तर देतोय, कारण माझ्या मते हे उत्तर हॉटेलांच्या यादीत नाही, जागेच्या भाड्यात आहे.

आधी माझी फजिती. इथे नवीन होतो तेव्हा फोनवरचे तारे मोजून क्लॅरेंडनमधल्या एका चकचकीत ठिकाणी गेलो. सूप कोमट, नूडल्सचा गोळा, बिल मात्र गरमागरम. दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या व्हिएतनामी सहकाऱ्याला सांगितलं तर तो हसला. म्हणाला, "तू तीसेक वर्षं उशिरा गेलास. आमची माणसं कधीच तिथून उठली." त्याच्या या वाक्याचा अर्थ शोधायला गेलो आणि हा सगळा इतिहास हाती लागला.

३० एप्रिल १९७५ ला सायगॉन पडलं. त्या वर्षी सुमारे १ लाख ३० हजार माणसं अमेरिकेत आली. त्यांना चार लष्करी तळांवर ठेवलं होतं. त्यातला पेनसिल्व्हेनियातला फोर्ट इंडियनटाउन गॅप आपल्याला सगळ्यात जवळचा. तळावरून बाहेर पडायला कुणीतरी जामीन राहावं तसा अमेरिकन प्रायोजक लागायचा. यातले बरेचजण दक्षिण व्हिएतनामचे लष्करी अधिकारी, सरकारी नोकर. त्यांच्या ओळखीचे अमेरिकन लोक वॉशिंग्टन आणि पेंटागॉनच्या आसपास राहणारे. म्हणून अनेक कुटुंबं आर्लिंग्टन-फॉल्स चर्चच्या बाजूला आली.

आर्लिंग्टनमधलं क्लॅरेंडन त्याआधी भरभराटीचा बाजार होता. पुढे सेव्हन कॉर्नर्ससारखी मोठी शॉपिंग सेंटर्स झाली आणि गिऱ्हाईक तिकडे गेलं. त्यात सत्तरच्या दशकात मेट्रोचं खोदकाम सुरू झालं. मेट्रोच्या खोदकामात दुकानदारांचं काय होतं, हे पुणेकरांना सांगायला नको! दुकानं ओस पडली. मेट्रो आल्यावर जागेचं सोनं होणार हे मालकांना ठाऊक होतं, त्यामुळे लांब मुदतीचे करार कुणी करेना. भाडं स्वस्त, पण आज आहे उद्या नाही, असा मामला. नव्याने आलेल्या माणसांना तेवढं पुरलं. किराणा, कापड, सोनार, खाण्याची ठिकाणं, सगळं उभं राहिलं. लोक त्याला लिटल सायगॉन म्हणायला लागले.

१ डिसेंबर १९७९ ला क्लॅरेंडनचं स्टेशन सुरू झालं आणि मालकांचा हिशेब खरा ठरला. भाडी चढली, करार संपले. गंमत बघा, ज्या सेव्हन कॉर्नर्सने क्लॅरेंडनचं गिऱ्हाईक ओढलं, तो भागही टायसन्स कॉर्नरपुढे मागे पडला होता. तिथल्या एका उतरत्या शॉपिंग सेंटरमध्ये जागा स्वस्त होत्या. १९८४ पासून व्हिएतनामी दुकानदार तिकडे सरकले. तेच आजचं फॉल्स चर्चचं ईडन सेंटर. नाव सायगॉनमधल्या ईडन आर्केडवरून घेतलेलं, घड्याळाचा मनोरा तिथल्या बेन थान्ह बाजारासारखा.

फोची कहाणीही अशीच आहे. हा पदार्थ मूळचा उत्तर व्हिएतनामचा. १९५४ ला देशाची फाळणी झाली, उत्तरेतून लाखो लोक दक्षिणेत आले आणि फो त्यांच्याबरोबर सायगॉनमध्ये रुजला. मोड आलेले मूग, तुळशीच्या जातीची पानं, गोडसर हॉइसिन सॉस ही दक्षिणेची भर. १९७५ नंतर तो समुद्रापार आला. म्हणजे आपल्या वाटीतला फो दोनदा घर सोडून आलाय.

आता कामाच्या गोष्टी. ईडनमध्ये नुसत्या दर्शनी दुकानांवर थांबू नका, आतल्या बोळांमधून फिरा. ज्याची पदार्थांची यादी छोटी, तिथे आधी बसा. फो हा मुळात सकाळचा नाश्ता, म्हणून शनिवार-रविवारी सकाळी जा. तांदळाचं पीठ, हळद आणि नारळाच्या दुधाचा बान्ह सेओ खाल्लात तर घावनाची आठवण येईल. शाकाहारी मंडळींनी पाटीवर 'चाय' शब्द शोधावा. त्याचा चहाशी संबंध नाही, तो बिनमांसाचा स्वयंपाक. बरेच व्हिएतनामी बौद्ध अमावास्या-पौर्णिमेला तसंच जेवतात, आपल्या एकादशीसारखं. बाकी ठिकाणी मात्र माशाचं पाणी, म्हणजे नुओक माम, घातलंय का ते विचारून घ्या. आणि तिथे फडकणारा पिवळा, तीन तांबड्या पट्ट्यांचा झेंडा पाहून "तुमचा झेंडा तर लाल ना?" असं कुणा आजोबांना विचारू नका. तो त्यांच्या गेलेल्या देशाचा झेंडा आहे.

हे सगळं आत्ता सांगायचं कारण वेगळं आहे. फॉल्स चर्च हे जेमतेम सव्वादोन चौरस मैलांचं, १५ हजार वस्तीचं शहर. जागा कमी, उंच इमारतींची घाई मोठी. २०२३ मध्ये शहराने ईडन ज्यात येतं त्या पूर्व भागाचा आराखडा मंजूर केला. तरुण व्हिएतनामी-अमेरिकनांनी दुकानादुकानात जाऊन, लोकांचं म्हणणं गोळा करून शहरापुढे मांडलं. त्यामुळे तिथल्या वारशाचा विचार आराखड्यात आला. चांगलं झालं. पण वारसा जपू म्हणणं सोपं, भाडं आवाक्यात ठेवणं अवघड. ईडनमधले दुकानदार भाडेकरू आहेत. कमान आणि मनोरा राहील, पण करार संपल्यावर फोवाल्या काकू तिथेच राहतील याची खात्री कोण देणार?

क्लॅरेंडनच्या लिटल सायगॉनच्या आज आठवणी गोळा केल्या जातात, मुलाखती ध्वनिमुद्रित होतात. काम मोलाचं आहे, पण मुलाखतीने पोट भरत नाही.

म्हणून विनंती. फॉल्स चर्चमध्ये राहत असाल तर या भागाचा विषय निघेल तेव्हा नगर परिषदेच्या बैठकीला जा, दोन मिनिटं बोला. बाकीच्यांनी या शनिवारी सकाळी ईडनला जाऊन पोटभर खावं. आणि काउंटरवर घाई नसेल तर सहज विचारा, "आधी तुमचं दुकान कुठे होतं?" उत्तर क्लॅरेंडन आलं, तर खुर्ची ओढा आणि ऐका.