माणसे का वाढली?

पगारवाढीची बोलणी करताना एका कारखानदाराने आम्हांस ऐकविले होते, "गेटाबाहेर शंभर उभे आहेत. तुमच्या लोकांना पोरे फार!" आमची शाळा सातवीत सुटली, पुढचे शिक्षण वाचनालयात झाले. त्या दिवशी उत्तर सुचले नाही. आज देतो.

जगातील माणसे पहिल्या अब्जावर पोहोचली ती १८०४ च्या सुमारास. दुसरे अब्ज १९२७ च्या आसपास भरले आणि आठवे २०२२ मध्ये. मग पूर्वी पोरे होत नव्हती काय? होत होती, जगत नव्हती.

आपल्याच मुलखाचा दाखला घ्या. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, पाठोपाठ दुष्काळ पडले. १९०१ च्या खानेसुमारीत ठाणे जिल्ह्याची वस्ती आठ लाखांच्या घरात भरली. दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी! १९१८ चा इन्फ्लुएन्झा मुंबई बंदरातून शिरला आणि देशात कोटीहून अधिक माणसे गेली. १९२१ च्या गणनेत सारा देशच घटलेला दिसला. आमच्या आजीला नऊ मुले झाली; हाती लागली तीन.

पुढे साथी आटोक्यात आल्या, लस आली, दुष्काळात धान्य पोहोचू लागले. १९५१ मध्ये सरासरी आयुष्य सुमारे बत्तीस वर्षांचे होते. आज ते सत्तरीच्या आसपास आहे. तेव्हाचे छत्तीस कोटी २०११ मध्ये एकशे एकवीस कोटी झाले. जन्म वाढले म्हणून नव्हे, मरण मागे हटले म्हणून.

शहाडची गर्दी तर निराळीच. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावण्यांत सिंधी निर्वासित उतरले. १९४९ मध्ये त्या वस्तीचे उल्हासनगर झाले. मग शहाडला रेयॉनची गिरणी उभी राहिली आणि कामासाठी गावोगावची माणसे आली. २०११ मध्ये ठाणे जिल्हा एक कोटी दहा लाखांवर जाऊन देशात पहिला ठरला. २०१४ मध्ये त्यातून पालघर वेगळा झाला. ही माणसे पाळण्यातून नव्हे, गाडीतून उतरली; कारखान्यांनाच ती हवी होती.

आणि पोरे? १९२१ मध्येच र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. समाजाने त्यांची हेटाळणी केली. २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रात बाईमागे सरासरी दोनांहूनही कमी मुले आढळली. मूल जगेल असा भरवसा आला, मुली शिकल्या, साधने हाती आली. पाळणा आपोआप लांबला.

तेव्हा गेटाबाहेरचे शंभर हा मजुराचा गुन्हा नव्हे. ती मरणातून वाचलेली माणसे आहेत. त्यांना वाचविले, आता त्यांना पोटभर मजुरी द्या, एवढेच आमचे मागणे.