निकालानुसार अनुदान : प्राथमिक शाळांच्या मूल्यमापनाचा एक ऐतिहासिक अभ्यास (१८६२ ते १९०४)

प्रस्तावना

प्राथमिक शाळेचे यश कशावरून ठरवावे, हा प्रश्न आज शिक्षणक्षेत्रात सातत्याने चर्चिला जातो. महाराष्ट्रात २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम सुरू झाला आणि पायाभूत चाचणी, संकलित मूल्यमापन, प्रगत शाळा हे शब्द खेड्यापाड्यांतील शिक्षकांच्या रोजच्या बोलण्यात आले. त्यामुळे एकसमान चाचणीद्वारे शाळेची कामगिरी मोजणे ही अलीकडची कल्पना आहे, असा समज होण्याची शक्यता आहे. प्रत्यक्षात या कल्पनेला दीडशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. तो इंग्लंडमध्ये सुरू होतो आणि लवकरच मुंबई इलाख्यापर्यंत येऊन पोहोचतो. एवढेच नव्हे, तर या पद्धतीची एक महत्त्वाची चिकित्सा पुण्यात महात्मा जोतीराव फुले यांनी केली. प्रस्तुत लेखात या इतिहासाचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. इंग्लंडमधील 'निकालानुसार अनुदान' पद्धतीचे स्वरूप व परिणाम समजून घेणे.
२. या पद्धतीचा मुंबई इलाख्यातील प्राथमिक शिक्षणाशी आलेला संबंध स्पष्ट करणे.
३. सदर अनुभवाच्या आधारे आजच्या चाचणीपद्धतीचा विचार करणे.

या अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

१८६२ ची सुधारित संहिता

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमधील गरिबांच्या शाळा प्रामुख्याने धार्मिक संस्था चालवीत व सरकार त्यांना अनुदान देई. हा खर्च दरवर्षी वाढत होता. त्याची चौकशी करण्यासाठी १८५८ मध्ये न्यूकॅसलच्या ड्यूकच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमण्यात आला. १८६१ च्या अहवालात आयोगाने एक गंभीर उणीव दाखवून दिली. शिक्षक वरच्या वर्गातील मोजक्या हुशार मुलांकडे लक्ष देतात आणि बहुसंख्य लहान मुले वाचन, लेखन व अंकगणित पुरेसे न शिकताच शाळा सोडतात, असे त्याचे निरीक्षण होते.

यावर शिक्षणखात्याचे तत्कालीन प्रमुख रॉबर्ट लो यांनी १८६२ च्या सुधारित संहितेद्वारे उपाय योजला. सरासरी उपस्थितीवर दरडोई चार शिलिंग मिळत. याखेरीज वर्षभरात दोनशेहून अधिक सत्रांना हजर राहिलेल्या प्रत्येक मुलामागे आठ शिलिंग मिळत. परंतु ते परीक्षेवर अवलंबून होते. निरीक्षक प्रत्येक मुलाची वाचन, लेखन व अंकगणित या तीन विषयांत परीक्षा घेई. ज्या विषयात मूल नापास होई, त्या प्रत्येक विषयामागे दोन शिलिंग आठ पेन्स कापले जात. तिन्ही विषयांत मूल नापास झाले, की आठही शिलिंग गेले.

यासाठी सहा इयत्ता ठरविण्यात आल्या. पहिल्या इयत्तेच्या मुलाने एकाक्षरी शब्दांचा मजकूर वाचावा, सांगितलेली अक्षरे पाटीवर काढावीत आणि वीसपर्यंतचे अंक ओळखावेत. सहाव्या इयत्तेच्या मुलाने वृत्तपत्रातील साधा परिच्छेद वाचावा, अशी अपेक्षा होती. देशातील सर्व अनुदानित शाळांना हीच मोजपट्टी लागू होती. ही व्यवस्था स्वस्त तरी असेल किंवा कार्यक्षम तरी असेल, अशा आशयाचे आश्वासन लो यांनी संसदेला दिले होते. त्यांपैकी स्वस्ताईचा भाग त्वरित साध्य झाला. १८६१ मध्ये सुमारे ८ लाख १३ हजार पौंड असलेले शिक्षण अनुदान १८६५ पर्यंत सुमारे ६ लाख ३६ हजार पौंडांवर आले.

परिणाम

या पद्धतीचे काही चांगले परिणाम मान्य केले पाहिजेत. प्रत्येक मुलाच्या उत्तीर्ण होण्याला सारखेच मोल आल्यामुळे मागे पडणाऱ्या मुलांकडे दुर्लक्ष करणे शाळेला परवडेनासे झाले. उपस्थितीलाही महत्त्व आले. लो यांचा मूळ प्रश्न खोटा नव्हता.

परंतु त्यांनी निवडलेल्या उपायाने शाळेचे स्वरूपच पालटले. ज्या विषयाला पैसा नाही, त्याला वेळ मिळेना. इतिहास, भूगोल व व्याकरण मागे पडले. पुस्तक आधीच पाठ असल्यामुळे निरीक्षकासमोर मुले ते न अडखळता म्हणून दाखवीत. आपल्याकडे ज्याला घोकंपट्टी म्हणतात, तिला सरकारी अनुदानाचा आधार मिळाला. प्रसिद्ध कवी व समीक्षक मॅथ्यू अर्नोल्ड १८५१ पासून शाळा निरीक्षक म्हणून काम करीत होते. त्यांनी आरंभापासूनच या संहितेवर टीका केली. मुलांना खरोखर वाचता, लिहिता वा हिशेब करता येत नसतानाही या परीक्षेत उत्तीर्ण करून घेता येते, हे त्यांनी आपल्या अहवालांतून दाखवून दिले.

याहून खोल परिणाम शिक्षक व निरीक्षक यांच्या नात्यावर झाला. पूर्वी निरीक्षक हा शिक्षकाचा सल्लागार होता. आता तो त्याचे उत्पन्न ठरविणारा परीक्षक झाला. शिक्षकाने अडचण सांगावी व निरीक्षकाने ती ऐकावी, हा व्यवहार संपून एकाने झाकावे व दुसऱ्याने शोधावे, असा व्यवहार सुरू झाला. अखेर १८९० च्या संहितेने या पद्धतीचा गाभा असलेली तीन विषयांच्या वैयक्तिक परीक्षेवरील अनुदानाची अट काढून टाकली आणि त्या दशकात ही पद्धत संपुष्टात आली. पुढे माजी मुख्य निरीक्षक एडमंड होम्स यांनी १९११ च्या आपल्या ग्रंथात, ज्या व्यवस्थेत आपण स्वतः काम केले तिच्याविषयी कठोर शब्दांत लिहिले.

मुंबई इलाखा आणि महात्मा फुले यांची साक्ष

१८५४ च्या वुडच्या खलित्याने भारतात अनुदानपद्धतीचा पाया घातला. मुंबई इलाख्यात १८६० च्या दशकात अनुदानासाठी निकालाचे तत्त्व स्वीकारण्यात आले. वर्षातून एकदा येणारे डेप्युटी, म्हणजे लोकांच्या तोंडचे 'दिपोटी', आणि त्यांची तपासणी हा शाळेच्या वर्षातील धाकाचा दिवस ठरला.

१८८२ मध्ये विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमण्यात आला. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी महात्मा फुले यांनी आयोगापुढे निवेदन सादर केले. प्राथमिक शिक्षण किमान बारा वर्षांपर्यंत सक्तीचे करण्याच्या त्यांच्या मागणीची चर्चा नेहमी होते. मात्र त्याच निवेदनात त्यांनी निकालानुसार अनुदानाविषयीही मत नोंदविले आहे. अशिक्षित व शिक्षणाविषयी उदासीन असलेल्या समाजात शिक्षणप्रसारासाठी ही पद्धत मुळीच योग्य नाही, असे त्यांनी सांगितले. जिथे शिक्षणाची गोडीच निर्माण झालेली नाही, तिथे कोणताही शिक्षक स्वतःच्या जबाबदारीवर शाळा काढणार नाही, कारण तिच्यावर त्याचे पोट भरणार नाही, असे त्यांचे कारण होते.

हा युक्तिवाद अर्नोल्ड यांच्या टीकेहून वेगळा आहे. निकालाच्या मागे लागल्याने शिक्षण यांत्रिक होते, असे अर्नोल्ड सांगत होते. निकालावर पैसा दिल्यास तो जिथे निकाल आधीच लागतो तिथेच जातो, हे फुले यांच्या युक्तिवादातून निष्पन्न होते. ज्या गावात शाळा नाही, तिथे परीक्षेला बसणारे मूल नाही आणि म्हणून अनुदानही नाही. मोजपट्टी सर्वांना सारखी असली, तरी तिच्यापर्यंत पोहोचण्याची वाट सर्वांना सारखी नसते.

येथे आणखी एक बाब लक्षात घेणे आवश्यक आहे. फुले तपासणीच्या विरोधात नव्हते. डेप्युटी इन्स्पेक्टरची वर्षातून एक भेट निरुपयोगी आहे, शाळांची तपासणी निदान तीन महिन्यांतून एकदा व्हावी आणि काही भेटी पूर्वसूचना न देता द्याव्यात, अशी त्यांची सूचना होती. प्रशिक्षित शिक्षकाला किमान बारा रुपये पगार असावा आणि अभ्यासक्रमात मोडी, बाळबोध व हिशेबाबरोबरच शेतीचे प्राथमिक ज्ञान असावे, असेही त्यांनी सुचविले. म्हणजेच शाळेकडे अधिक बारकाईने पाहावे. परंतु शाळेचे अस्तित्व निकालावर टांगू नये, असा त्यांच्या सूचनांचा एकत्रित अर्थ लावता येतो.

आयोगाने मात्र प्राथमिक शाळांचे अनुदान बहुतांशी परीक्षेच्या निकालावर ठरवावे, असे सामान्य तत्त्व मांडले. केवळ मागास भागांतील व विशेष अडचणींतील शाळांना अपवाद करण्यास वाव ठेवला. यानंतर सुमारे वीस वर्षांनी, ११ मार्च १९०४ च्या शैक्षणिक धोरणविषयक ठरावात लॉर्ड कर्झन यांच्या सरकारने ही पद्धत चूक असल्याची कबुली दिली. विद्यार्थिसंख्या, इमारत, स्थानिक परिस्थिती, शिक्षकांची पात्रता व अध्यापनाचे स्वरूप असे निकष पुढे आले.

विसाव्या शतकानंतरची पुनरावृत्ती

इतिहासात फेटाळलेली कल्पना नव्या नावाने परत येते. अमेरिकेत २००२ मध्ये लागू झालेल्या 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड' कायद्याने तिसरी ते आठवीच्या मुलांची वाचन व गणिताची वार्षिक चाचणी अनिवार्य केली. २०१३-१४ पर्यंत सर्व मुले प्रवीण व्हावीत, असे उद्दिष्ट होते. गरीब व कृष्णवर्णीय मुलांचे निकाल स्वतंत्रपणे दाखविणे बंधनकारक झाले, हा त्याचा मोठा लाभ होय. परंतु निकालामागोमाग कारवाईची टांगती तलवारही आली. अटलांटा शहरातील शाळांत उत्तरपत्रिकांत फेरफार झाल्याचे २०११ च्या चौकशीत उघड झाले आणि २०१५ मध्ये अकरा शिक्षणकर्मी दोषी ठरले. त्याच वर्षाच्या अखेरीस नव्या कायद्याने जुन्याची जागा घेतली.

भारतात 'प्रथम' संस्थेचे 'असर' सर्वेक्षण २००५ पासून मुलांच्या घरी जाऊन त्यांचे वाचन व गणित तपासते. ते नमुन्यावर आधारित असून कोणत्याही एका शाळेचा क्रमांक लावीत नाही. कोणाचा पगार वा अनुदान त्यावर अवलंबून नसल्यामुळे खोटे बोलण्याचे कारणही उरत नाही. मोजणे आणि मोजमापावर शिक्षा देणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे यावरून स्पष्ट होते.

निष्कर्ष

१. एकसमान चाचणीमुळे दुर्लक्षित मुले दृष्टीस पडतात. हे तिचे खरे सामर्थ्य आहे.
२. चाचणीला पैसा वा शिक्षा जोडली, की शाळा मुलाऐवजी चाचणीची तयारी करते.
३. केवळ निकाल पाहिल्यास शाळेची कामगिरी आणि मुलांची सामाजिक परिस्थिती यांतील भेद पुसला जातो.
४. निरीक्षक सल्लागार राहिला, तरच तपासणीतून सत्य बाहेर येते.

समारोप

कमी निकालाची शाळा दिसली, की तिच्यावर कारवाई करावी की तिला अधिक मदत करावी, हा मूल्यमापनाचा खरा कसोटीचा प्रश्न आहे. १८६२ मध्ये लंडनने याचे उत्तर अनुदान कापून दिले. १८८२ मध्ये पुण्यातून त्याचे वेगळे उत्तर दिले गेले. ऊसतोडीसाठी आई-वडिलांबरोबर गाव सोडून गेलेले मूल चाचणीच्या दिवशी वर्गात नसते. त्याची रिकामी जागा शिक्षकाचा दोष म्हणून मोजायची की त्या मुलाची गरज म्हणून, हे ठरविताना आपण फुले यांच्या निवेदनाचे पुनर्वाचन करणे अगत्याचे आहे.