न दिसणारा शत्रु

१८९७ सालच्या एप्रिलपासून डिसेंबरपर्यंत इंग्लंडांतील ‘पिअर्सन्स मॅगेझिन’ या मासिकांत एच. जी. वेल्स यांची एक कादंबरी क्रमशः प्रसिद्ध होत होती. तिचें नांव ‘वॉर ऑफ दि वर्ल्ड्स’. मंगळ ग्रहावरील प्राणी पृथ्वीवर उतरतात, गांवेंच्या गांवें भस्मसात् करतात, आणि जिवंत माणसांचें रक्त काढून तें आपल्या देहांत घेऊन त्यावर जगतात, अशी ती कथा. पुढें ३० ऑक्टोबर १९३८ रोजीं ऑर्सन वेल्स यांनीं अमेरिकेच्या नभोवाणीवर तिचें नाट्यरूपांतर बातम्यांच्या थाटांत सादर केलें, तेव्हां कांहीं श्रोत्यांना तें वृत्त खरेंच वाटलें. १९५१ सालीं रॉबर्ट हाइनलाइन यांनीं ‘दि पपेट मास्टर्स’ या कादंबरींत याहूनहि भयंकर शत्रु कल्पिला. हे परग्रहावरचे जीव माणसाच्या पाठीस चिकटून त्याच्या मनाचाच ताबा घेतात. तेव्हांपासून दुसऱ्याच्या देहावर पोसणारा परका जीव हा भयकथांचा आवडता विषय होऊन बसला आहे.

परंतु इंग्लंडांतील वाचक दिवाणखान्यांत बसून मंगळावरील रक्तशोषकांची कथा वाचीत होते, त्याच महिन्यांत मुंबई इलाख्यांतील माणसें एका खऱ्या आक्रमणाला तोंड देत होतीं. हा शत्रु आकाशांतून आला नव्हता. तो जहाजांतून आला होता. त्याला यंत्रें नव्हतीं, शस्त्रें नव्हतीं. इतकेंच काय, तो डोळ्यांना दिसतहि नव्हता. लोक त्याला मरी म्हणत, गांठीचा ताप म्हणत. सुशिक्षितांच्या लेखनांत त्याचें नांव ग्रंथिक सन्निपात असें येई. प्लेग हा त्याचा सर्वांस परिचित झालेला इंग्रजी पर्याय.

१८९४ सालीं हाँगकाँग येथें प्लेगची मोठी सांथ उद्भवली आणि तेथेंच अलेक्सांद्र येर्सिन यांनीं त्या रोगाचा जंतु शोधून काढला. हाँगकाँग आणि मुंबई यांच्यामध्यें व्यापारी जहाजांची सतत ये-जा होती. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत कांहीं रोग्यांना कडक ज्वर येऊन जांघेंत व काखेंत गांठी उठूं लागल्या. मूळचे गोव्याचे असलेले डॉक्टर अकासिओ व्हिएगस यांनीं हा प्लेगच आहे असें निदान केलें. मांडवी म्हणजे गोदीला लागून असलेली धान्याच्या वखारींची वस्ती. माणसांच्या अगोदर त्या वखारींतील उंदीर मेले होते. परंतु मेलेल्या उंदराकडे त्या वेळीं कोण लक्ष देणार?

या शत्रूची रचना पाहिली म्हणजे कादंबरीकारांची कल्पनाशक्ति थिटी वाटूं लागते. उंदराच्या अंगावर पिसू राहते व त्याच्या रक्तावर जगते. त्या पिसवेच्या पोटांत प्लेगचा जंतु राहतो. म्हणजे परोपजीवी प्राण्याच्या आंत दुसरा परोपजीवी जीव! १९१४ सालीं बेकट आणि मार्टिन या दोन शास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें कीं, हा जंतु पिसवेच्या अन्नमार्गांत वाढून त्याचा जणुं बोळा बनवितो. रक्त ओढलें तरी तें पोटांत उतरत नाहीं. भुकेनें व्याकुळ झालेली पिसू पुनःपुनः चावा घेते. ओढलेलें रक्त त्या बोळ्यावर आदळून जंतूंसह चाव्याच्या जखमेंत परत जातें. उंदीर मरून थंड पडला कीं पिसवा त्याला सोडून जवळ जें ऊबदार शरीर सांपडेल त्यावर चढतात. आश्रयदात्या जीवाला वेडावून त्याच्याकडून आपला प्रसार करून घेणारा शत्रु हाइनलाइननें कल्पनेनें रंगविला. पिसवेच्या बाबतींत तो निसर्गानें केव्हांच निर्माण करून ठेवला होता.

हें सारें ज्ञान मागाहून आलें. १८९६ सालीं मुंबईच्या माणसाला एवढेंच दिसत होतें कीं, काल धडधाकट असलेला शेजारी आज तापानें फणफणला आहे आणि चार दिवसांत त्याची तिरडी बांधली जात आहे. १८९१ च्या शिरगणतींत सुमारें ८ लाख २० हजार वस्ती असलेल्या या शहरांतून १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत जवळजवळ निम्मे लोक निघून गेले. गिरण्यांचे धोटे थांबले, बाजार ओस पडले.

हे लोक गेले कोठें? त्यांतील बहुसंख्य आपापल्या गांवीं गेले. आणि मुंबईच्या श्रमजीवी वर्गाचें गांव म्हणजे मुख्यतः रत्नागिरी जिल्हा. लांजा हें त्या जिल्ह्यांतील अशाच प्रकारचें ठिकाण. रत्नागिरी आणि राजापूर यांच्या दरम्यान, समुद्र आणि सह्याद्रि यांच्यामधील कातळाच्या मुलखांत तें वसलें आहे. त्याच्या परिसरांतून मुचकुंदी नदी समुद्राकडे जाते. पाऊस अपरंपार, परंतु जमीन थोडी. भात, नाचणी, वरी यांवर वर्ष निघणें कठीण. म्हणून या भागांतील तरुण पिढ्यान् पिढ्या मुंबईस जाऊन गिरणींत, गोदींत किंवा शिपाईगिरींत राबत. त्याची मनिऑर्डर येई तेव्हां घरांत मीठमिरची येई. शहर हें पोटाचें ठिकाण आणि गांव हें जीवाचें. तेव्हां जीवावर बेतल्यावर त्यानें गांवाची वाट धरावी यांत नवल नाहीं.

त्या काळीं कोंकणांत आगगाडी नव्हती. चाकरमानी आगबोटीनें बंदराला उतरे आणि तेथून बैलगाडीनें किंवा पायीं, डोक्यावर वळकटी घेऊन, घाट्या चढत-उतरत घरीं पोहोंचे. या वळकटींतच सगळ्या प्रश्नाचें मर्म सांठविलेलें होतें. पुढें प्लेगच्या संशोधकांनीं जो निष्कर्ष काढला तो असा कीं, गांठीचा प्लेग सहसा एका माणसापासून दुसऱ्या माणसास होत नाहीं. प्रवाशाच्या सामानांत, कपड्यालत्त्यांत दडून येणाऱ्या पिसवा तो एका गांवाहून दुसऱ्या गांवीं नेतात. म्हणजे लांज्याच्या वाटेनें येणाऱ्या मनुष्याला भिण्याचें कारण फारसें नव्हतें. त्याच्या घोंगडीला मात्र होतें. पण हें त्यालाहि ठाऊक नव्हतें, त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या आईलाहि ठाऊक नव्हतें, आणि त्याला वाटेंत अडविणाऱ्या अंमलदारालाहि ठाऊक नव्हतें.

शत्रु दिसत नसला म्हणजे मनुष्य दिसणाऱ्या कोणालातरी शत्रु ठरवितो. मुंबईंत रोग्यांना बळजबरीनें रुग्णालयांत नेतात आणि तेथून कोणी परत येत नाहीं, अशी वदंता पसरली. १८९६ च्या ऑक्टोबरअखेर गिरणीकामगारांच्या जमावानें आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. सरकारनें ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं सांथीच्या रोगांचा कायदा मंजूर करून अधिकाऱ्यांच्या हातीं जवळजवळ अनिर्बंध सत्ता दिली. पुण्यास वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या हाताखालीं गोरे सैनिक घरोघर झडती घेऊं लागले. स्वयंपाकघरें व देवघरें यांचा विधिनिषेध राहिला नाहीं, स्त्रियांची विटंबना झाल्याच्या तक्रारी झाल्या, लोकांचें सामानसुमान रस्त्यावर आणून जाळण्यांत आलें. २२ जून १८९७ च्या रात्रीं चापेकर बंधूंनीं रँडवर गोळी झाडली. त्याच्याबरोबर लेफ्टनंट आयर्स्टहि मारला गेला. चापेकर बंधु फांसावर चढले, आणि ‘केसरी’तील लेखनाबद्दल रत्नागिरीचे सुपुत्र लोकमान्य टिळक यांना राजद्रोहाच्या आरोपाखालीं दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. एका पिसवेच्या चाव्यापासून निघालेला धागा असा राज्यक्रांतीच्या इतिहासापर्यंत पोहोंचला.

दैवदुर्विलास असा कीं, एवढा जुलूम करून जें साधावयाचें तेंच साधत नव्हतें. घरें धुऊन काढण्यासाठीं वापरलेल्या जंतुनाशक द्रव्यांनीं पिसवा मरत नव्हत्या. उलट, ज्यांना अडाणी म्हणून हिणविलें जाई त्या खेडुतांची एक रीत अधिक शहाणपणाची ठरली. घरांत उंदीर पडूं लागले कीं गांव सोडून रानांत झोपड्या बांधून राहावयाचें, ही ती रीत. मेलेल्या उंदराचा आणि येणाऱ्या मरणाचा संबंध त्यांनीं अनुभवानें ओळखला होता. कारण ठाऊक नसलें तरी खूण ठाऊक होती.

भीतीच्या त्या काळांत रोग्यापासून दूर न पळणारींहि माणसें होतीं. सावित्रीबाई फुले यांनीं पुण्याजवळ आपले चिरंजीव डॉक्टर यशवंत यांच्या दवाखान्यांत रोग्यांची शुश्रूषा केली आणि त्यांतच प्लेगनें १० मार्च १८९७ रोजीं त्यांचा अंत झाला. मुंबईंत वाल्डेमार हाफकिन यांनीं ग्रँट मेडिकल कॉलेजांतील लहानशा प्रयोगशाळेंत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःच्या अंगावर टोचून घेतली. परळच्या ज्या संस्थेला १९२५ सालीं हाफकिन यांचें नांव देण्यांत आलें, तिचें मूळ या प्रयोगांत आहे.

शत्रूचा मार्ग मात्र कराचींत सांपडला. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्यानें जून १८९८ मध्यें एका मोठ्या कांचेच्या भांड्यांत पिसवांसह मरणोन्मुख उंदीर ठेवला आणि निरोगी उंदराला जाळीपलीकडे, त्याचा स्पर्श होणार नाहीं अशा बेतानें ठेवलें. जाळींतून उंदीर जाऊं शकत नव्हता. पिसू जाऊं शकत होती. थोड्याच दिवसांत निरोगी उंदीर प्लेगनें मेला. सिमाँचें म्हणणें प्रथम पुष्कळांनीं उडवून लावलें. पुढें १९०५ पासून मुंबईंत झालेल्या विस्तृत प्रयोगांनीं तें खरें ठरविलें. प्लेगच्या घरांत जमिनीलगत ठेवलेले गिनीपिग मरत. पिसवेची उडी पोहोंचणार नाहीं इतक्या उंच टांगलेल्या पिंजऱ्यांतले वांचत. पंजाबपासून कोंकणपर्यंत लाखों माणसांना ज्यानें रडविलें त्या यमदूताची झेंप अशी वितीवितीनें मोजली गेली. तथापि ज्ञान झालें म्हणून संकट एका दिवसांत टळलें नाहीं. पहिल्या दोन-अडीच दशकांत हिंदुस्थानांत प्लेगनें एक कोटीहून अधिक माणसें दगावलीं.

वेल्स यांच्या कथेचा शेवट या संदर्भांत विचार करण्याजोगा आहे. मंगळावरील अजिंक्य प्राणी तोफांनीं मरत नाहींत. पृथ्वीवरील क्षुद्र जंतूंपुढें मात्र ते टिकत नाहींत, कारण त्या जंतूंशीं झुंजण्याची शक्ति त्यांच्या देहांत नसते. कादंबरींत जंतूनें मनुष्याला वांचविलें. मुंबईंत जंतूनेंच मनुष्याला मारलें. याच कादंबरीच्या आरंभीं वेल्स यांनीं आपल्या देशबांधवांना टास्मानियाच्या मूळ रहिवाशांची आठवण करून दिली आहे. युरोपीयांनीं जाऊन ज्यांचा संहार केला, त्यांच्या दृष्टीनें परग्रहावरून आलेले प्राणी कोण होते, असा तो प्रश्न आहे. १८९७ सालीं पुण्याच्या एखाद्या वाड्यांतील स्त्रीला दारांत उभा असलेला गोरा शिपाई आणि तुळईवरून धांवणारा उंदीर यांपैकीं अधिक भय कोणाचें वाटलें असेल, याचें उत्तर सोपें नाहीं.

हा शत्रु कायमचा गेला असेंहि समजूं नये. १९९४ सालीं बीड जिल्ह्यांतील मामला या गांवीं आणि त्यानंतर सुरत शहरांत प्लेगनें पुन्हां डोकें वर काढलें. सुरतेहून शेंकडों नव्हे, लाखों लोक गांठोडीं घेऊन पळाले. २०१६ सालीं लांज्याच्या दक्षिणेस, सिंधुदुर्गांतील दोडामार्ग तालुक्यांत, गोचिडींनीं पसरणाऱ्या माकडतापानें कांहीं बळी घेतले. प्राणी निराळा, जंतु निराळा, परंतु रीत तीच: एका देहावर पोसणारा जीव वाट चुकून, किंवा वाट साधून, मनुष्याच्या देहांत शिरतो.

या दोन सांथींच्या मध्यंतरीं जो फरक पडला तो शस्त्रांनीं पडला नाहीं. कोणी तरी मेलेल्या उंदराजवळ बसून पिसू पाहिली, म्हणून पडला. आज लांज्याच्या वाटेनें मुंबईहून एखादा चाकरमानी तापानें फणफणत घरीं आला, तर त्याला दारांतून परत लावण्याचें कारण राहिलेलें नाहीं. त्याला आंत घ्यावें, वैद्याला बोलवावें, आणि त्याची वळकटी उन्हांत टाकावी. एवढें शहाणपण येण्यासाठीं एक कोटी माणसांची किंमत पडली आहे.