चावी कुणाकडे? एम्बेडेड वॉलेटच्या सोपेपणाचा छोटासा इतिहास

दिवाळीत घरी, धानोऱ्याला गेले होते. (गडचिरोलीतलं नव्हे, आमचं नंदुरबार जिल्ह्यातलं.) काकांनी विचारलं, "तुझं संशोधन नेमकं कशावर गं?" म्हटलं, "काही अ‍ॅपमध्ये क्रिप्टोचं वॉलेट असतं, पण वापरणाऱ्याला ते दिसत नाही. ते सामान्य माणसाला कितपत सोपं जातं, ते बघतेय." काका म्हणाले, "दिसतच नाही, तर त्याची चावी कुणाकडे?"

त्यानंतर मी प्रबंधाचं पहिलं प्रकरण पुन्हा लिहिलं. त्याचाच हा सारांश.

सुरुवात आमच्याच जिल्ह्यातून करू. २९ सप्टेंबर २०१० रोजी टेंभली गावात देशातली पहिली आधार कार्डं दिली गेली. पुढे आधारवरून बँकेचे पैसे काढता येऊ लागले आणि चावी लक्षात ठेवायचं काम संपलं, कारण चावी म्हणजे स्वतःचा अंगठा. पण शेतात, ऊसतोडीत राबणाऱ्या हातांवरच्या रेषा झिजतात आणि मशीन अंगठा घेत नाही. शिवाय पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो, अंगठा बदलता येत नाही. म्हणजे सोपेपणा आला, पण अडचण संपली नाही, फक्त दुसरीकडे सरकली.

क्रिप्टोमध्येही हेच झालं. १९७६ मध्ये डिफी आणि हेलमन यांनी सार्वजनिक चावीची कल्पना मांडली. ती सामान्यांना झेपते का, हे १९९९ मध्ये अल्मा व्हिटन आणि जे. डी. टायगर यांनी तपासलं. त्यांनी ईमेल वापरायची सवय असलेल्या १२ जणांना पीजीपी ५.० हे सॉफ्टवेअर आणि ९० मिनिटं दिली. संदेश नीट सही करून, कुलूपबंद करून पाठवणं जेमतेम एक तृतीयांश लोकांना जमलं. तिघांनी तर गुपित चुकून उघडंच पाठवलं! या विषयात संशोधन करणार असाल तर हा पेपर आधी वाचा. स्क्रीन छान दिसते म्हणजे वापर सुरक्षित होतो असं नाही, हे त्यातून कळतं.

२००९ मध्ये बिटकॉइन सुरू झालं आणि चावी हरवणं म्हणजे पैसेच हरवणं झालं. २०१३ मध्ये बीआयपी-३९ हा उपाय आला: २०४८ शब्दांच्या यादीतून १२ किंवा २४ शब्द, ते कागदावर लिहून जपायचे. या प्रमाणात इंग्रजी, जपानी, स्पॅनिश अशा भाषांच्या याद्या आहेत. मराठी किंवा हिंदीची नाही. ज्याला इंग्रजी येत नाही, त्याच्यासाठी ते शब्द नसून नुसती अक्षरं. एक अक्षर चुकलं तर विचारायचं कुणाला?

एम्बेडेड वॉलेट हे या कागदाला दिलेलं उत्तर. तुम्ही मोबाइल नंबर, ईमेल किंवा गूगल खात्याने लॉगिन करता, चावी मागच्या मागे तयार होते. अनेक कंपन्या तिचे तुकडे करतात: एक तुमच्या फोनमध्ये, एक कंपनीकडे, एक पुन्हा मिळवण्यासाठी. याचं गणित अदी शमीर यांनी १९७९ मध्येच मांडलं होतं. व्यवहाराचं शुल्क अ‍ॅपने भरण्याची सोय ईआरसी-४३३७ मुळे मार्च २०२३ पासून इथेरियमवर आली.

इथे एक फरक नीट समजून घ्या. एक्स्चेंजमध्ये चावी तुमच्या हातात नसतेच. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्सवर सायबर हल्ला झाला, सुमारे २३ कोटी डॉलरची क्रिप्टो गेली आणि लोकांचं क्रिप्टो वर्षभराहून जास्त काळ अडकून पडलं. तुकडे करण्यामागचा हेतू हाच, की सगळं एका हातात नको.

मग काकांच्या प्रश्नाचं उत्तर काय? चावी तुकड्यांत आहे, पण ते तुकडे जोडणारी खरी चावी बऱ्याचदा ओटीपी, म्हणजे मोबाइल नंबर. आमच्याकडे एका घरात एकच फोन असतो, सिम मुलाच्या नावावर. लोक कामासाठी गुजरातमध्ये जातात, रिचार्ज राहून जातं, नंबर बंद पडतो. असा नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला मिळू शकतो. बारा शब्दांचा कागद निदान घरातल्या पेटीत तरी राहिला असता.

म्हणून तुम्हाला एक सुचवते. वापरसुलभतेच्या चाचणीत आपण माणसाला बसवतो, वॉलेट उघडायला लावतो, वेळ मोजतो आणि शेवटी दहा प्रश्नांची एसयूएस प्रश्नावली भरून घेतो. ही पहिल्या दिवसाची परीक्षा झाली, आणि तिथे एम्बेडेड वॉलेट सहज पास होतं. त्याच माणसाला तीन महिन्यांनी पुन्हा बोलवा. हातात नवा फोन द्या, जुनं सिम नाही असं समजा आणि म्हणा, "आता पैसे परत मिळवा." कंपनी बंद पडली तर चावी बाहेर काढता येते का, तेही त्याच्याकडूनच करून बघा. किती जणांना जमलं, किती जण कुणाला तरी फोन करायला उठले आणि तो फोन कुणाला केला, हे लिहून ठेवा.

माझी स्वतःची पहिली चाचणी पहिल्या दिवसावरच थांबली होती. आता ती पुन्हा करतेय, सुरुवात काकांपासून.