बिनतिकिटाचा प्रवासी

वऱ्हाडचा इतिहास लिहिणाऱ्यांचे कापसावर फार प्रेम. 1853 साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. 1861 साली अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना आमची आठवण झाली. 1867 साली मुंबईचे रूळ नागपूरला भिडले. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी किलिक निक्सन या इंग्रज कंपनीने मूर्तिजापुराहून अचलपूर आणि यवतमाळकडे अडीच फुटी रूळ टाकले. तीच आमची शकुंतला! हेतू कापसाच्या गाठींचा. माणसे गाठींच्या सोबतीने गेली.

या गाठींचे हिशेब सापडतात. तान्ह्या मुलाला मात्र तिकीट नसते, म्हणून त्याची नोंदही नसते. अशाच एका बिनतिकिटाच्या प्रवाशाची ही हकिकत.

1961 ची भाऊबीज. वडिलांना रजा मिळाली नाही, म्हणून आई एकटीच अकोल्याच्या आमच्या जठारपेठेतून माहेरी अचलपूरला निघाली. हातात ट्रंक, खांद्याला फराळाची पिशवी आणि कडेवर पाच महिन्यांचे मूल. ते मूल म्हणजे मी; तेव्हा पुढचे सारे आईच्या तोंडचे आहे.

मूर्तिजापूरला मोठी गाडी सोडून शकुंतला धरायची. तिसरा वर्ग दिवाळीच्या गर्दीने तुडुंब. आई दाराशी घुटमळली, तोच खिडकीतून दोन सुरकुतलेले हात बाहेर आले.

"दे वो माय लेकरू इकडं. तू चढ आंधी!"

म्हातारीचे तोंड नीट दिसण्यापूर्वीच मी आत पोचलो होतो. आई सांगे, "माझे पाय फलाटावर आणि जीव खिडकीत!" कशीबशी चढून पाहते, तो मी म्हातारीच्या मांडीवर तिच्या गळ्यातल्या पोतीशी खेळत होतो.

दर्यापूरला मी भुकेने टाहो फोडला. बाटलीतले दूध गारठलेले. समोरचा एक शेतकरी न बोलता उठला, तांब्या घेऊन इंजिनापाशी गेला आणि वाफाळते पाणी घेऊन आला. त्यात बाटली धरून आईने दूध कोमट केले.

अचलपूरला हे ऐकून आजीचा पहिला प्रश्न, "पाणी कोणाच्या हातचं?"

आई म्हणाली, "इंजिनाचं."

आजी कडक सोवळ्याची. पण इंजिनाची जात तिला काढता येईना!

आम्ही पुष्कळ हसलो. पण त्या प्रश्नामागे केवढे जग उभे होते! गावोगावी विहिरी वेगळ्या, पंगती वेगळ्या. तिसऱ्या वर्गातले बाक मात्र सगळ्यांना मिळून एकच. कंपनीने ते समतेसाठी केले नव्हते. जातवार डबे जोडणे परवडणारे नव्हते, इतकेच. रूळ कंपनीचे होते, पण खिडकीतून आलेले हात कंपनीचे नव्हते. ते आमच्या माणसांनी आपणहून पुढे केले.

1974 साली रेल्वेतला तिसरा वर्ग गेला. 1994 साली शकुंतलेचे वाफेचे इंजिन निवृत्त झाले, आणि आता ती गाडीही धावत नाही. त्या म्हातारीचे नाव आईने विचारले नाही. जात तर नाहीच नाही.

दिवाळीत एसटी स्टँडवर कडेवर मूल घेतलेली बाई दिसली, की माझे हात आपोआप पुढे होतात. आजची आई मला क्षणभर निरखते आणि मुलाऐवजी पिशवी देते. तिचेही बरोबरच आहे. पिशवी तर पिशवी! साठ वर्षांचे देणे, थोडे थोडे करूनच फिटायचे.