शेवटची कुस्ती कोणाची?

पळसदरीच्या आसपास, कर्जत-खालापूर भागात, जत्रेचा फड भरला की मला बोलावणं येतं ते जोड लावायला. मी स्वतः फार मोठी कुस्ती खेळलो नाही. नारळावरच्या कुस्तीपासून सुरुवात केली, शंभराच्या नोटेपर्यंत पोचलो आणि गुडघ्याने दगा दिला. पण लांग चढवून पोरगा पुढे आला की त्याच्यासमोर कोणाला उभं करायचं हे मला कळतं. आधी कान बघायचा. कान मोडलेला असेल तर पोरगा तालमीतला. तो वजन कितीही कमी सांगो, गावातल्या हौशी पोरावर त्याला सोडायचं नाही. मग मान, मांडी, मनगट. दोघांना शेजारी उभं करून खांद्याला खांदा लावायचा आणि कडेला बसलेल्या लोकांना विचारायचं, जोड मान्य आहे का? लोकांनी होकार भरला की हलगी कडाडते. लोक ओरडले तर जोड फोडायचा, दुसरा बघायचा. यात वशिला फारसा चालत नाही, कारण चूक झाली की ती शेकडो डोळ्यांना एकदमच दिसते.

माझ्या भाच्याला मोबाइलवर बॉक्सिंग बघायचा नाद आहे. परवा तो तणतणत आला. ‘‘मामा, ह्या माणसाला जगज्जेतेपदाची झुंज मिळालीच कशी? हा कोणाला हरवून आलाय?’’ मी म्हटलं, बाबा रे, तू आपल्या जत्रेतली शेवटची कुस्ती बघितली नाहीस का कधी?

शेवटची, मानाची कुस्ती मी आजवर कधी लावलेली नाही. ती आधीच लागलेली असते. हँडबिलावर सगळ्यात वर दोन फोटो, अमुक तालमीचा अमका विरुद्ध तमुक तालमीचा तमका, खाली इनामाचा आकडा आणि तो देणाऱ्याचं नाव. दोघांची बिदागी ठरलेली, गाडीभाडं ठरलेलं. ते कोणाला पाडून इथवर आले, हे हँडबिलावर नसतं आणि कोणी विचारतही नाही. नाव मोठं, गर्दी होते, बस्स. खालच्या कुस्त्यांना जोड मान्य आहे का असं विचारणारे आम्ही, वरच्या कुस्तीला काहीच विचारत नाही. कधी ती कुस्ती निकाली होते, लोक फेटे उडवतात. कधी अर्धा तास नुसती खडाखडी होते आणि पंच बरोबरीत सोडवतात. मग पारावर चार दिवस एकच चर्चा, नुराच होती की काय, निकाल आधीच ठरलेली.

बॉक्सिंगच्या किताबाची झुंज म्हणजे ही शेवटची कुस्ती. किताब ज्याच्या कमरेला, तो प्रतिस्पर्धी निवडणार. ज्याच्या हाती ससा तो पारधी. जॅक जॉन्सनचंच बघा. हा काळा अमेरिकन बॉक्सर हेवीवेटचा जगज्जेता टॉमी बर्न्सच्या मागे देशोदेशी फिरला. बर्न्स टाळत राहिला. शेवटी ह्यू मॅकिन्टॉश नावाच्या आयोजकाने बर्न्सला जिंको वा हरो, 6,000 पौंड कबूल केले, तेव्हा कुठे 26 डिसेंबर 1908 ला सिडनीत झुंज झाली आणि 14व्या फेरीत पोलिसांना ती थांबवावी लागली, इतका बर्न्सने मार खाल्ला. जॉन्सनने ती संधी मिळवली होती यात शंका नाही, पण ती त्याला मिळाली ती थैलीमुळे. पुढे तोच जॉन्सन जगज्जेता झाला तेव्हा सॅम लँगफर्डसारख्या तगड्या काळ्या बॉक्सरला त्याने किताबाची झुंज दिली नाही. आणि 1920च्या दशकात जॅक डेम्प्सीच्या दारात हॅरी विल्स वर्षानुवर्षं उभा राहिला, त्यालाही ती मिळाली नाही.

यावर तोडगा म्हणून क्रमवारी आली. संघटनेने यादी करायची, आणि यादीत जो वर त्याच्याशी जगज्जेत्याने ठरावीक मुदतीत लढायचंच, नाहीतर पट्टा सोडायचा. कागदावर उत्तम. पण संघटना एक राहिली नाही, चार झाल्या, आणि चौघींच्या चार याद्या. त्यांतल्या इंटरनॅशनल बॉक्सिंग फेडरेशनचा संस्थापक अध्यक्ष रॉबर्ट ली याच्यावर तर क्रमवारीसाठी पैसे घेतल्याचा खटला चालला. मोठे आरोप शाबीत झाले नाहीत, पण पैशांच्या इतर गुन्ह्यांत तो दोषी ठरला आणि 2001 मध्ये त्याला तुरुंगवासाची शिक्षा झाली. माइक टायसन तुरुंगातून सुटून आल्यावर 1995 मध्ये त्याच्यापुढे पीटर मॅकनीलीला उभं केलं. ती झुंज किताबाची नव्हती, पण पहिल्या दहांत या मॅकनीलीचं नाव होतं. 89 सेकंदांत कारभार आटोपला. वशिल्याचं तट्टू म्हणतात ते हे.

भाच्याने लगेच जेम्स डग्लसचं नाव काढलं. 1990 मध्ये टोकियोत त्याने टायसनलाच लोळवलं, त्याच्यावर पैज लावणाऱ्याला एकाला बेचाळीस मिळत होते. म्हणजे लायकी नाही म्हणून ज्याला हसलो, तोच जिंकला. खरं आहे. पण डग्लस जिंकला म्हणून निवड करणारे शहाणे ठरत नाहीत. आमच्याकडेही कधी चुकून लावलेला जोड काटा निघतो.

आपल्याकडची जुनी रीत थोडी निराळी होती. पैलवान मैदानात फेरी मारायचा, ज्याला खुमखुमी असेल त्याने उतरून हात मिळवायचा. हे खुलं आव्हान पंजाबचा गामा पैलवान थेट लंडनला घेऊन गेला. 1910 मध्ये तो तिथे पोचला तर उंची कमी म्हणून त्याला स्पर्धेत घेईनात. मग जाहिरात निघाली, याच्यासमोर पाच मिनिटं टिकेल त्याला पाच पौंड. आव्हान स्वीकारणारे पडत गेले, अमेरिकेचा बेंजामिन रोलर पडला, तेव्हा पोलंडच्या स्टॅनिस्लॉस झ्बिस्कोशी त्याची गाठ घालणं भाग पडलं. 10 सप्टेंबर 1910 ला झ्बिस्को अडीच तासांहून जास्त वेळ पोटावर पालथा पडून राहिला. गामाला त्याला चीत करता येईना. निकाल 17 तारखेवर ढकलला. त्या दिवशी झ्बिस्को फिरकलाच नाही. 1928 मध्ये पतियाळात दोघे पुन्हा भिडले आणि मिनिटभराच्या आतच फैसला झाला. माझ्या मते संधी कमावणं म्हणजे काय हे गामाने दाखवलं. दार बंद होतं, तर दारातच फड मांडला. पण हेही लक्षात ठेवायला हवं की लंडनला जायचा खर्च उचलणारा बंगाली धनिक मागे नसता, तर ही कथा पंजाबातच राहिली असती. कोल्हापुरात शाहू महाराजांनी खासबाग मैदान बांधलं, उत्तरेचे मल्ल आणून सांभाळले. राजाची मर्जी असेल तर पैलवान वर यायचा. मर्जी नसेल त्याचं काय, हा प्रश्न राजाच्या काळात कोणी विचारायचा नाही.

तो प्रश्न सोडवायचा पहिला धड प्रयत्न 1953 मध्ये झाला. मामासाहेब मोहोळांनी महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद काढली, आणि 1961 मध्ये औरंगाबादला दिनकर दह्यारींपासून महाराष्ट्र केसरीची परंपरा लागली. इथे हँडबिलावर आधी फोटो नाहीत. जिल्ह्यातून निवड होऊन यायचं, एकेक फेरी मारत वर चढायचं, जो शेवटी उरेल त्याला गदा. आता माती आणि गादी असे दोन विभाग असतात, दोन्हीकडचे विजेते शेवटी एकमेकांशी लढतात. म्हणजे शेवटच्या कुस्तीतले दोघेही कोणाला तरी पाडूनच आलेले असतात.

आमच्या भागाला या गदेचा मान मिळाला तो 1980 मध्ये, खोपोलीला. मी तेव्हा शाळेत होतो. वडील मूळचे साताऱ्याकडचे, घाटात रेल्वेचे गँगमन. पळसदरीतून एक फाटा घाट चढून लोणावळ्याला जातो आणि दुसरा खोपोलीला. त्याच फाट्याने आम्ही गेलो. डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती. कारखान्यातले कामगार, घाटावरचे पाहुणे, डोक्याला फेटे, तोंडात पैलवानांची नावं. गदा इस्माईल शेख यांनी जिंकली. मला मैदानातलं फार काही दिसलं नाही, माणसांच्या पाठीच दिसल्या. लक्षात राहिलं ते वडिलांचं बोलणं. मी विचारलं, हे दोघेच का शेवटी? ते म्हणाले, ‘‘अरे, बाकीचे सगळे पडले म्हणून.’’ जत्रेच्या फडात वाढलेल्या माझ्या डोक्यात तोवर असं काही आलंच नव्हतं.

पण शिडी आली म्हणून भांडण मिटलं नाही, ते फक्त पंचाच्या शिट्टीपाशी येऊन थांबलं. जानेवारी 2023 मध्ये पुण्याला कोथरूडच्या मैदानात सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांच्या माती विभागाच्या कुस्तीत महेंद्रला टांगेवर चार गुण दिले. डाव पुरता बसला होता की नाही, यावर अख्खा महाराष्ट्र व्हिडिओ थांबवून थांबवून भांडत होता. सिकंदर बाहेर, महेंद्र शेवटच्या कुस्तीत, आणि तिथे शिवराज राक्षेने त्याला पाडलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फुलगावला सिकंदर पुन्हा सगळ्या फेऱ्या मारून आला आणि शिवराजला काही सेकंदांत चीत करून गदा घेऊन गेला. 2025 मध्ये अहिल्यानगरला तर कळस झाला. गादी विभागात पृथ्वीराज मोहोळने शिवराजला पाडल्याचा निकाल आला, शिवराजने तो मानला नाही आणि पंचाला लाथ मारली. शेवटच्या कुस्तीत महेंद्र गायकवाड काही सेकंद उरले असताना मैदान सोडून गेला. दोघांवर तीन वर्षांची बंदी आली. पंचाचा निकाल बरोबर की चूक, यावर मी बोलणार नाही. पंचाला लाथ मारणं चूकच. मात्र भांडण पाठ टेकली का, गुण किती, याचं होतं. हा इथवर आलाच कसा, हे कोणी विचारलं नाही. एवढा फरक पडला, आणि माझ्या लेखी तो मोठा आहे.

शिडीत खरा खोडा घातला जातो तो निवडीच्या वेळी. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना 1952 च्या ऑलिंपिकच्या निवडीत एका गुणाने मागे टाकलं. आपल्यावर मुद्दाम अन्याय झाला, असं त्यांचं म्हणणं होतं. ते पतियाळाच्या महाराजांपर्यंत गेले, प्रतिस्पर्धी निरंजन दासशी पुन्हा कुस्ती लावून घेतली आणि जिंकली. हेलसिंकीहून ते कांस्यपदक घेऊन आले, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पुन्हा कुस्ती लावा म्हणणारे खाशाबा बरोबर होते.

मग 2016 मध्ये सुशील कुमार तेच म्हणाला तेव्हा तो चूक कसा? दोन ऑलिंपिक पदकांचा धनी, रिओसाठी 74 किलोत चाचणी मागत थेट दिल्ली उच्च न्यायालयात गेला. समोर आपला नरसिंग यादव, तीन वेळचा महाराष्ट्र केसरी. भारतासाठी ती जागा नरसिंगनेच 2015 मध्ये लास वेगासला जागतिक स्पर्धेत कांस्य जिंकून मिळवलेली. न्यायालयाने सुशीलची मागणी फेटाळली. पुढे उत्तेजकाच्या प्रकरणात नरसिंगवर चार वर्षांची बंदी आली आणि तो रिओत उतरलाच नाही. ते दुखणं वेगळं. माझं मत तेव्हाही हेच होतं, आजही आहे: खाशाबा त्या वर्षाची कुस्ती पुन्हा मागत होते, सुशील जुन्या पदकांवर नवी कुस्ती मागत होता. बॉक्सिंगमध्ये निखत झरीनने 2019 मध्ये मेरी कोमशी चाचणी मागितली तेव्हा पुष्कळांनी नाकं मुरडली. चाचणी झाली, मेरी 9-1 ने जिंकली, प्रकरण मिटलं. निखत 2022 मध्ये जगज्जेती झाली. मागायचा हक्क तिला होताच, आणि हरल्यावर तिच्याकडेही तक्रारीला जागा उरली नाही.

भाच्याला मी एवढंच सांगितलं की आव्हानवीर लायक आहे का, हे त्याच्या मुठीवरून ठरवू नकोस, त्याच्या मागे पडलेले मोज. ते नसतील तर त्याला कोणीतरी उचलून आणलंय.

आणि आमच्या जत्रा कमिटीवाल्यांना एक विनंती. यंदाचं हँडबिल छापायला टाकण्याआधी वरच्या दोन फोटोंखाली, ते पैलवान वर्षभरात कोणाला पाडून आले, ते छापा. दोघांपैकी एक तरी कर्जत-खालापूरच्या फडांमधून जिंकत आलेला पोरगा घ्या. जोड मी लावून देतो. बिदागीही कमी लागेल.