राष्ट्रपतिपदाच्या उमेदवारीची पूर्वचर्चा (२००७)

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांची मुदत जुलै २००७ मध्ये संपणार होती. त्यांच्यानंतर भारताचे राष्ट्रपती कोण, याविषयी त्याआधी बरेच दिवस तर्कवितर्क चालू होते. सत्तारूढ संयुक्त पुरोगामी आघाडीकडून प्रणव मुखर्जी, सुशीलकुमार शिंदे, करणसिंह आणि शिवराज पाटील यांची नावे घेतली जात. या पदासाठी उघडपणे उमेदवारी मागण्याचा प्रघात नसल्याने अशी नावे बहुधा इतरांच्याच तोंडून ऐकू येतात. मतदार केवळ निर्वाचित खासदार व आमदार असल्यामुळे लोकप्रियतेपेक्षा पक्षांचे गणित निर्णायक ठरते. केंद्र सरकार डाव्या पक्षांच्या पाठिंब्यावर उभे होते आणि त्यांना शिवराज पाटील मान्य नव्हते.

अखेर १४ जून रोजी राजस्थानच्या तत्कालीन राज्यपाल प्रतिभा पाटील यांचे नाव जाहीर झाले. आधीच्या चर्चेत ते जवळजवळ नव्हतेच. तिसऱ्या आघाडीने कलामांना पुन्हा उभे राहण्याची गळ घातली. विजयाची खात्री नसल्याने त्यांनी नकार दिला. शिवसेनेने राष्ट्रीय लोकशाही आघाडीत असूनही, त्या आघाडीचा पाठिंबा लाभलेले भैरोसिंह शेखावत यांच्याऐवजी मराठी उमेदवार म्हणून पाटील यांना मते दिली. २१ जुलै रोजी त्या भारताच्या पहिल्या महिला राष्ट्रपती म्हणून निवडून आल्या.